स्वमग्नतेवरील औषधांचा शोध : पार्श्वभूमी

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) वर्णन केले. मात्र पुढची अनेक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष देण्यात गेली. १९६१ मध्ये काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन हे मेंदूतही संदेशवहन करणारे रसायन वाढलेले आढळले, तेव्हा कुठे औषधशोधाला एक धागा मिळाला. त्याच्या आधारे १९८०च्या दशकात सेरोटोनिन कमी करणारे फेनफ्लुरामिन देऊन पाहण्यात आले. सुरुवातीचा उत्साह पुढील चाचण्यांत टिकला नाही आणि वजन घटवण्यासाठी विकले जाणारे हे औषध हृदयाच्या झडपांना अपाय करते असे दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग सिक्रेटिनचा आहे. पचनसंस्थेच्या तपासणीत हे संप्रेरक टोचल्यानंतर तीन मुलांचे बोलणे आणि नजरेला नजर देणे सुधारल्याचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि हताश पालकांनी त्यासाठी धाव घेतली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर काटेकोर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिनचा एक डोस, तर इतरांना नुसते मिठाचे पाणी टोचण्यात आले. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि ती जवळपास सारखीच होती. तरीही निष्कर्ष कळल्यानंतर ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवेच होते. याला भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यापुढे दुसरे काय होते?

२००२ मध्ये रिस्पेरिडोन या मनोविकारांवरील औषधाची चाचणी १०१ मुलांवर झाली आणि आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांना स्पष्ट गुण आला. प्लासिबो (औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले) घेणाऱ्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. वजन मात्र सरासरी २.७ किलोने वाढले. अमेरिकेत २००६ मध्ये या औषधाला आणि २००९ मध्ये ॲरिपिप्राझोल या त्याच प्रकारच्या औषधाला मान्यता मिळाली, पण ती तीव्र चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करून घेणे यांपुरतीच. संवादातील अडचणींना, म्हणजे स्वमग्नतेच्या गाभ्याला, या औषधांनी हात घातला नाही.

त्या गाभ्याला भिडण्याचे पुढचे प्रयत्न प्रयोगशाळेत आशादायक आणि चाचणीत निष्प्रभ ठरले. बुमेटानाइड या मुळात लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये परिणाम दिसत नसल्याने थांबवण्यात आल्या, तर त्याच वर्षी २९० मुलामुलींवरील चाचणीत नाकात फवारायचे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. औषधच निरुपयोगी होते की मोजपट्टी अपुरी पडली, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ऑक्सिटोसिनचा गुण ज्या प्रश्नावलीने मोजला, तिच्याच एका वेगळ्या भागाने रिस्पेरिडोनच्या वेळी चिडचिड मोजली होती. पालकांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी भरून द्यायची ही प्रश्नावली १९८५ मध्ये मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्या, संस्थांत राहणाऱ्या व्यक्तींसाठी तयार झाली होती.