बाळाच्या लसीकरणाचं कार्ड: नोंद कुठे, कागद कोणते आणि डोस हुकला तर काय

पहिलं बाळंतपण माहेरी निपाणीला, जन्म तिथल्या दवाखान्यात आणि सव्वा महिना झाला की बाळ सासरी कोल्हापुरात. आपल्या भागात हे घरोघरी चालतं. मग प्रश्न पडतो, कार्ड तिकडचं आहे, इथे चालेल का? चालतं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम देशभर एकच आहे. कर्नाटकात दिलेला डोस इथे धरला जातो, पहिल्यापासून सुरुवात करायची नसते.

सरकारी लसीकरण मोफत आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. रेशन कार्ड पिवळं की केशरी, घर स्वतःचं की भाड्याचं, याचा लशीशी काही संबंध नाही. बाळाचं आधार निघालेलं नाही, जन्म दाखला मिळायचा आहे, कार्ड गावाकडे राहिलं, यातल्या कोणत्याही कारणासाठी डोस लांबवू नका. बाळाला घेऊन जा, कागद मागाहून जुळवता येतात.

शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं, सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि सीपीआर म्हणजे आपला थोरला दवाखाना इथे जाता येतं. गावात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत सत्र असतं. दिवस कोणता, हे आशाताईंना पक्कं ठाऊक असतं.

नोंद खरं तर बाळ जन्मायच्या आधीच सुरू होते. दिवस गेल्याचं कळलं की पहिल्या तीन महिन्यांतच आरोग्यसेविकेकडे नाव घाला. सोबत आईचं आधार, मोबाइल नंबर आणि बँकेचं पासबुक न्या. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. आईच्या तपासण्या, धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस आणि पुढे बाळाचे सगळे डोस याच कार्डावर चढतात. हल्ली हीच नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवरही होते. त्यासाठी दिलेला मोबाइल नंबर वर्षानुवर्षं चालू राहील असा द्या. नवऱ्याचा नंबर दिला आणि त्यानं सिम बदललं, तर ओटीपी कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

वेळापत्रक असं. जन्मतः क्षयरोगावरची बीसीजी, पोलिओचा शून्य म्हणजे जन्मावेळचा डोस आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), तोंडावाटे पोलिओ आणि जुलाबांच्या रोटा विषाणूवरची रोटा लस. त्यातल्या 6 आणि 14 आठवड्यांना पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्हीही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व अ. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचे बूस्टर. पाच-सहा वर्षांना पुन्हा डीपीटी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. नऊ महिन्यांपर्यंत लोक वेळ पाळतात; दीड वर्षाचा टप्पा मात्र सहज राहून जातो, कारण मूल धावतं-खेळतं असतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

डोस हुकला तर घाबरायचं कारण नाही, पण उशिरालाही मर्यादा आहेत. बीसीजी एक वर्षापर्यंत देतात. पेंटाव्हॅलंट आणि रोटाचा पहिला डोसही वर्षाच्या आतच सुरू व्हावा लागतो. पेंटाव्हॅलंट सुरूच झालं नसेल तर पुढे सात वर्षांपर्यंत डीपीटी मिळते. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अनेक ठिकाणी नेहमीची सत्रं काही काळ थांबली होती आणि 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आजच कार्ड उघडून रिकामा चौकोन शोधा.

साधी सर्दी किंवा कणकण असेल तर लस टाळू नका, आरोग्यसेविकेला सांगा, ती बघून ठरवेल. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. निघण्यापूर्वी कार्ड हातात घेऊन दिलेल्या प्रत्येक लशीसमोर तारीख पडली का आणि पुढची तारीख लिहिली का, ते स्वतः वाचा. बीसीजीनंतर महिना-दीड महिन्यानं दंडावर फोड येते, फुटते आणि व्रण राहतो. त्यावर हळद, तेल काही लावू नका.

कार्ड हरवलं तर? 2019 आणि 2021 च्या महापुरात कागदपत्रांचा लगदा झालेली घरं आपण पाहिली आहेत. कार्डाचं प्रतिपत्र आरोग्य केंद्रात राहतं, तिथल्या नोंदवहीतही डोस असतात, त्यावरून दुसरं कार्ड करून मिळतं. मात्र केंद्र बदललं असेल तर शोधाशोध होते. म्हणून दर डोसनंतर कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे डोस झाले असतील तर त्यांची फाइल आशाताईंना दाखवा.

ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात, त्यांच्या लेकरांचा हक्क इथे तितकाच आहे. फडावर, वीटभट्टीवर आरोग्य पथकाची सत्रं होतात. शेताच्या मालकानं, मुकादमानं किंवा शेजारच्या कुणीही टोळीत लहान मुलं आल्याचं आशाताईंच्या कानावर घातलं, तरी पुष्कळ काम होतं.

लशीला कागद लागत नसला तरी पैशाला लागतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. 3,000 गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, उरलेले 2,000 जन्माची नोंद आणि लशींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 एकरकमी. इथे मात्र अटी आहेत: कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत, किंवा अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, ई-श्रम (असंघटित कामगारांचं) कार्ड, आयुष्मान कार्ड, मनरेगा जॉब कार्ड, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमाती), 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांपैकी काही एक. नियमित सरकारी नोकरीतल्या महिलांना ही योजना नाही. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत भरतात. सोबत आईचं आधार, तिच्याच नावाचं आधारशी जोडलेलं खातं, संरक्षण कार्ड, बाळाचा जन्म दाखला आणि वरच्यापैकी पात्रतेचा कागद द्यायचा. जन्माची नोंद 21 दिवसांत करून घ्या. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकात सासरचं असेल तर आधी ते एकसारखं करा, मगच अर्ज द्या.