ॲब्सिंथ

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील ज्यूरा डोंगररांगांत उगम पावलेले, वनस्पतींच्या अर्कापासून गाळलेले तीव्र मद्य. फ्रेंच उच्चार ‘आब्सँत’. त्यात अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४५ ते ७४ टक्के असते, म्हणजे व्हिस्की-ब्रँडीपेक्षा बरेच अधिक. ज्या वनस्पतीवरून हे नाव पडले ती आर्टेमिसिया ॲब्सिंथियम काश्मीरकडे रानोमाळ उगवते आणि युनानी औषधांत ‘अफसंतीन’ म्हणून वापरली जाते. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा (आर्टेमिसिया पॅलेन्स) तिच्याच प्रजातीतला. दवण्याचे नाव सुवासासाठी, अफसंतीनचे कडूपणासाठी.

दारूने संसार बुडाल्याच्या कहाण्या सगळीकडे आहेत, पण तो सारा दोष एकाच दारूच्या माथी मारून इतर दारवा निर्दोष सुटल्याचे असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. ॲब्सिंथचा इतिहास हा बराचसा तिच्या बदनामीचा इतिहास आहे.

घडण : अफसंतीन, अनिस (बडीशेपेच्या कुळातलेच बारीक बी) आणि बडीशेप ही मुख्य त्रयी. हे जिन्नस तीव्र मद्यार्कात भिजत घालतात आणि तांब्याच्या भट्टीतून गाळतात. निघालेले मद्य पाण्यासारखे स्वच्छ असते. हिरवा रंग नंतर येतो : लहान अफसंतीन, जुफा आणि लेमन बाम या सुवासिक वनस्पतींची पाने त्यात पुन्हा मुरवली की पानांतले हरितद्रव्य उतरते. उजेडात ठेवले तर हा रंग उडून तपकिरी होतो. वनस्पतीतला खरा कडू अंश भट्टीतून वर येत नाही, त्यामुळे चांगली ॲब्सिंथ ऐकीव माहितीइतकी कडू नसते. तोंडाला आधी लागते ती बडीशेपेची चव.

ती नुसती पीत नाहीत. पेल्यावर जाळीदार चमचा आडवा ठेवतात, त्यावर साखरेचा खडा आणि वरून बर्फगार पाण्याची थेंब-थेंब धार. पाणी मद्याच्या तिप्पट ते पाचपट. पाणी पडू लागले की हिरवा द्रव हळूहळू दुधाळ होतो. बादलीभर पाण्यात फिनेल ओतल्यावर होते तेच इथे होते. अनेथॉल हे सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही, म्हणून सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडते. कारण इतके साधे असले तरी त्या संथ धारेने आणि बदलत्या रंगाने पिण्याला पूजाविधीचे रूप आणले, आणि पुढच्या दंतकथांना तेवढे पुरले. साखर पेटवण्याचा जो प्रकार हल्ली दाखवतात तो १९९० च्या दशकातला चेक दारूविक्रेत्यांचा खेळ आहे. जुन्या फ्रेंच रिवाजाशी त्याचा संबंध नाही.

उगम : स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल परगण्यातील व्हाल-द-त्राव्हेर हे खोरे ॲब्सिंथचे माहेर. प्येर ऑर्दिनेर नावाच्या फ्रेंच वैद्याने १७९२ च्या सुमारास ती शोधली असे सांगतात. याच खोऱ्यातल्या आँरिओ घराण्यातील बायका तो काढा त्याआधीपासून बनवत असाव्यात, असेही म्हटले जाते, आणि ते अधिक पटण्यासारखे आहे. नक्की आहे ते एवढे की मेजर द्युबिए याने १७९७ च्या सुमारास कृती मिळवून मुलगा आणि जावई आँरी-लुई पेर्नो यांच्यासह कुव्हे गावी भट्टी लावली. फ्रेंच जकात टाळण्यासाठी पेर्नोने १८०५ मध्ये सीमेपलीकडे पाँतार्लिए येथे स्वतःचा कारखाना काढला. पुढे शतकभर हे गाव ॲब्सिंथवर जगले.

या कारखान्यावर ११ ऑगस्ट १९०१ रोजी वीज पडली. आग भडकू नये म्हणून साठ्यातील प्रचंड ॲब्सिंथ दू नदीत सोडून देण्यात आली. थोड्याच दिवसांत, कित्येक किलोमीटर दूर असलेल्या लू नदीच्या उगमाला ॲब्सिंथचा वास येऊ लागला. दू नदीचे पाणी जमिनीत मुरून लू म्हणून पुन्हा वर येते हे त्यामुळे ध्यानात आले. १९१० मध्ये रंगद्रव्य सोडून ते पक्के करण्यात आले. भूगोलाच्या कामी आलेली दारू म्हणून हा प्रसंग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

प्रसार : १८३० नंतर अल्जीरियात लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांना ताप आणि खराब पाणी यांवरचा उपाय म्हणून ॲब्सिंथ दिली जाई. ते परतले ते चव घेऊनच. १८६० च्या दशकापासून फायलॉक्झेरा या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, वाइन महागली, आणि बीट-धान्यापासून काढलेल्या स्वस्त मद्यार्कावर बनलेली ॲब्सिंथ मजुरांनाही परवडू लागली. संध्याकाळी पाचचा सुमार ‘हिरवी वेळ’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि पेयाला ‘हिरवी परी’ हे नाव पडले. १९१० मध्ये फ्रान्समधील वार्षिक खप ३ कोटी ६० लाख लिटरवर गेला होता.

कवी पॉल व्हेर्लेन आणि आर्थर रँबो तिचे भक्त होते. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तिचा पेला रंगवला. त्याच्या कान कापण्याचे खापरही पुढे तिच्यावरच फुटले. एडगर देगाचे १८७५-७६ मधील चित्र तर तिच्या अपकीर्तीची निशाणी ठरले : कॅफेत हरवल्या नजरेने बसलेली बाई, पुढ्यात फिकट हिरवा पेला. प्रत्यक्षात ती अभिनेत्री एलेन आंद्रे, शेजारचा पुरुष चित्रकार मार्सेलँ देबुतँ, आणि दोघेही देगासाठी नमुना म्हणून बसलेले. चित्राचे आधीचे नाव नुसते ‘कॅफेत’ असे होते. १८९३ मध्ये ते लंडनमध्ये ‘ॲब्सिंथ’ या नावाने टांगले गेले तेव्हा गदारोळ उठला.

बंदी : पॅरिसच्या सेंट-आन मनोरुग्णालयातील व्हालांतँ मान्याँ या डॉक्टरने अफसंतीनचे शुद्ध तेल देऊन प्राण्यांना झटके आणून दाखवले आणि ‘ॲब्सिंथिझम’ हा दारूबाजीहून वेगळा रोग असल्याचे मांडले. पेल्यात त्या तेलाचा जेमतेम अंश असतो, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता, पण तो मागे पडला. मद्यपानविरोधी चळवळीला शत्रू हवा होता आणि किडीतून सावरलेल्या वाइन उत्पादकांना गिऱ्हाईक परत हवे होते. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये ‘सारे वाइनच्या बाजूने, ॲब्सिंथविरुद्ध’ अशा घोषणेखाली सभा भरली. दारूबंदीच्या नावाखाली वाइनची भलामण करण्याचा हा प्रकार कुणाला खटकला नाही, याचे आज नवल वाटते.

निर्णायक घटना स्वित्झर्लंडमध्ये घडली. २८ ऑगस्ट १९०५ रोजी कोम्युनी गावातील जाँ लाँफ्रे या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घालून मारले. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन, शिवाय कोन्याक आणि ब्रँडी घातलेली कॉफी घेतली होती. ॲब्सिंथचे पेले दोनच, पण वृत्तपत्रांत गाजले तेच. बंदीसाठीच्या अर्जावर ८२ हजार सह्या पडल्या, जुलै १९०८ मध्ये सार्वमत झाले आणि ७ ऑक्टोबर १९१० पासून देशभर बंदी आली. अमेरिकेने १९१२ मध्ये आणि फ्रान्सने युद्धकाळात, मार्च १९१५ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटन आणि स्पेनमध्ये बंदी कधी आलीच नाही. फ्रान्समध्ये रिकामी जागा अफसंतीन नसलेल्या, अनिसच्या चवीच्या पास्तिस या मद्याने भरून काढली.

थुजोनचा वाद : अफसंतीनमधील थुजोन या द्रव्याने भास होतात, असा प्रवाद आहे. मोठ्या मात्रेत ते मेंदूतील गाबा ग्राहींना (मेंदूची उत्तेजना आवरणाऱ्या यंत्रणेला) अडवून झटके आणू शकते, हे खरे. १९७५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याची तुलना गांजातील द्रव्याशी करण्यात आली. ती पुढच्या प्रयोगांत टिकली नाही. बंदीपूर्व काळातील १३ बाटल्यांचे पृथक्करण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत थुजोनचे प्रमाण सरासरी लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम निघाले; युरोपीय संघाची आजची मर्यादा ३५ आहे. एवढ्या प्रमाणात भास होण्याआधी पिणारा अल्कोहोलनेच आडवा होईल. रोज अनेक पेले रिचवणाऱ्यांची दैना खोटी नव्हती, पण तिचे कारण साधे मद्यपान होते. हलक्या मालात रंगासाठी तांब्याची लवणे आणि दुधाळपणासाठी अँटिमनीचे क्षार मिसळले जात, त्याचाही त्यात वाटा असावा.

पुनरागमन : व्हाल-द-त्राव्हेरमध्ये ॲब्सिंथ कधी थांबलीच नाही. स्वयंपाकघरांत, तळघरांत चोरून गाळली जाणारी ‘ला ब्लू’ बिनरंगी असे. १९८३ मध्ये फ्रेंच अध्यक्ष मितराँ न्यूशातेलला आले असताना जेवणात ‘परी’चे नाव लावलेला गोड पदार्थ वाढला गेला आणि उपाहारगृहाच्या चालकावर खटला झाला. स्वित्झर्लंडने १ मार्च २००५ रोजी बंदी उठवली. अमेरिकेत ती २००७ पासून पुन्हा विकली जाऊ लागली, आणि फ्रान्सने १९१५ चा कायदा २०११ मध्ये रद्द केला. मोतिए गावी चोरट्या भट्टीवाल्यांचे खटले जिथे चालत, त्या इमारतीत २०१४ पासून ॲब्सिंथचे संग्रहालय आहे. ‘ॲब्सिंथ’, ‘हिरवी परी’ आणि ‘ला ब्लू’ ही नावे केवळ आपल्याच मालाला लावता यावीत, ही खोऱ्याची मागणी मात्र स्विस न्यायाधिकरणाने त्याच वर्षी फेटाळली.