कुइकाटेक ही अ‍ॅझ्टेकांची बोली नाहीये!

मेक्सिकोबद्दल कुणी काही लिहिलं की हे वाक्य हमखास येतंच, 'कुइकाटेक ही अ‍ॅझ्टेकांची एक बोली'. अरे नाही बाबा.

अ‍ॅझ्टेक आणि त्यांची नावाट्ल भाषा बहुतेकांना ऐकून माहीत असते, टोमॅटो, चॉकलेट तिच्यातूनच आले वगैरे, ते सोडा. कुइकाटेक लोक वाहाका राज्याच्या (नकाशात 'ओक्साका' वाचता ते हेच) उत्तर भागात राहतात. खाली कुइकाटलानची तापलेली कोरडी दरी, वर डोंगरात पापालो, तेपेउशिला अशी गावं, आणि भाषा बोलणारे साधारण 13,000.

घोळ होतो तो नावामुळे. अ‍ॅझ्टेकांनी हा मुलूख जिंकून खंडणी बसवली, 1540 च्या सुमाराच्या मेंदोसा कोडेक्समधे (अ‍ॅझ्टेकांच्या खंडणीच्या नोंदी असलेली चित्रपोथी) कोइश्तलावाका प्रांताच्या पानावर कुइकाटलान आहेच, आणि त्या प्रांताकडून सोन्याची भुकटी, केत्साल पक्ष्याची पिसं, कोचिनील किड्यांचा लाल रंग असलं काय काय वसूल व्हायचं. मग स्पॅनिश आले, त्यांचे दुभाषे नावाट्लवाले, त्यांनी जी नावं सांगितली तीच कागदावर चढली. मिश्तेक, मासातेक, चिनान्तेक, सगळ्यांचं तेच झालं. शेवटी 'टेक' दिसलं की अ‍ॅझ्टेकांच्या खात्यात टाकायचं, ही सवय जाम डोक्यात जाते.

खरा फरक घराण्याचा आहे. नावाट्ल उटो-अ‍ॅझ्टेकन, तिची नातलग होपी आणि कोमांची पार वर अमेरिकेत. कुइकाटेक ओटो-मांगे घराण्यातली, म्हणजे मराठी आणि कन्नडसारखी गत, शेजार जुना, उसनवारी भरपूर, पण रक्ताचं नातं नाही. आणि कुइकाटेक टोनल आहे. आपण 'जेवलास' म्हणताना शेवटी आवाज चढवला तर प्रश्न होतो, शब्द तोच राहतो. तिथे पट्टी वरखाली झाली की शब्दच दुसरा होऊ शकतो. नावाट्लमधे साधारणपणे ही भानगडच नाही.

मिश्तेक आणि त्रिकी मात्र खरंच तिच्या बहिणी. बहिणी, बोली नव्हे!

मेक्सिकोतही या भाषांना तुच्छतेने 'दिआलेक्तो' (म्हणजे बोलीच) म्हणणारे ढीगभर आहेत, 2003 च्या कायद्याने त्या स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा ठरल्या तरीही. बोली हा शब्द वापरायचाच असेल तर तेपेउशिलाकडची कुइकाटेक आणि तेउतिलाकडची कुइकाटेक यांच्यासाठी वापरा, तिथे तो बसतो.