गुडघ्याचं 'लेसर' ऑपरेशन

"आजीचा गुडघा लेसरने केला, टाकासुद्धा नाही!" रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. बहुतेक वेळा झालेलं असतं ते दुर्बिणीचं ऑपरेशन. गुडघ्याला सेंटीमीटरभराची किंवा त्याहून लहान दोन-तीन छिद्रं पाडतात. सलाईनने सांधा फुगवतात. एका छिद्रातून सुमारे ४ मिलिमीटरची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून बारीक चिमटा नाहीतर फिरत्या पात्याचा शेव्हर. दोन हाडांमधली फाटलेली गादी कापतात किंवा शिवतात. आत दिसतो तो उजेड साध्या दिव्याचा. आणि टाका? एखाद-दुसरा बहुधा असतोच, पट्टीखाली दिसत नाही इतकंच.

लेसर सांध्यात कधी गेलाच नाही, असं मात्र नाही. १९९०च्या आसपास होल्मियम लेसरची चांगलीच हवा होती, कारण तो पाण्यातही काम करतो. पण उष्णतेने कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भाजायची, काही रुग्णांत तर कूर्चेखालचं हाडही मेलं. यंत्र महाग ते वेगळंच. तेच काम पात्याने होत असल्यावर डॉक्टरांनी तो बहुतांशी सोडून दिला.

झिजलेली कूर्चा लेसरने परत येत नाही. तेव्हा जळगाव-धुळ्यात कुणी 'लेसरने गुडघा नवा' म्हणालं, तर सरळ विचारा: डॉक्टर, आत नेमकं काय कापणार, काय शिवणार, की सांधाच बदलणार?