फ्लीट मॅनेजर आणि मोबिलिटी मॅनेजर: फरक कुठे आहे?

कंपनीच्या गाड्या बघणाऱ्या माणसाचा हुद्दा गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी बदलला. कालपर्यंत तो फ्लीट मॅनेजर होता, आज मोबिलिटी मॅनेजर आहे. माणूस तोच आणि गाड्याही त्याच, त्यामुळे दोन्ही कामं एकच असा समज पसरतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा त्या माणसालाच पडतो.

फ्लीट मॅनेजरचा हिशेब गाडीपासून सुरू होतो. कोणती गाडी, विकत की लीजवर, विमा, सर्व्हिसिंग, टायर, इंधन कार्ड, अपघाताचे दावे आणि शेवटी ती विकायची कधी, हे सगळं त्याच्याकडे. चांगला फ्लीट मॅनेजर गाडी घेतल्यापासून विकेपर्यंतचा एकूण खर्च बघतो. नवख्याची नजर इंधनाच्या बिलावर असते. मोटारींच्या बाबतीत मात्र घसारा, म्हणजे काळाबरोबर गाडीची घटत जाणारी किंमत, हा बहुधा सगळ्यात मोठा खर्च असतो, आणि तो कुठल्याच बिलावर दिसत नाही. गाडी विकायला उशीर झाला, तर वर्षभर वाचवलेलं इंधन त्यात वाहून जातं. ही जाण कामातूनच येते आणि तिला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

मोबिलिटी मॅनेजर प्रवासापासून सुरुवात करतो. या माणसाला तिथे जायचंच आहे का? व्हिडिओ कॉलवर भागेल का? जायचं असेल तर रेल्वे, टॅक्सी, सामायिक गाडी, सायकल की स्वतःची गाडी आणि किलोमीटरमागे भत्ता? कंपनीची गाडी हा त्याच्यासमोरच्या अनेक पर्यायांपैकी एक. महिन्यातले थोडेच दिवस बाहेर असणारा विक्री अधिकारी घ्या. त्याला कोणती गाडी परवडेल, हे फ्लीट मॅनेजर अचूक सांगेल. त्याच्या नावावर गाडी असावी का, हा प्रश्न मोबिलिटी मॅनेजरचा.

बेल्जियममध्ये 2019 पासून कायद्यानेच ‘मोबिलिटी बजेट’ आहे. कंपनीची गाडी सोडणाऱ्या किंवा लहान, कमी प्रदूषण करणारी गाडी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या गाडीवर होणाऱ्या खर्चाइतकी रक्कम मिळते. त्यातून पर्यावरणाला कमी त्रासदायक गाडी घेता येते, सार्वजनिक वाहतूक किंवा सायकलीसारख्या पर्यायांवर खर्च करता येतो आणि उरलेली रक्कम रोख मिळते. इथे पगारपत्रक, कर, मनुष्यबळ विभाग, सगळेच आले. गॅरेजशी उत्तम संबंध असलेला माणूस एकट्याने हे पेलू शकत नाही.

दोन्ही कामांतलं अंतर सगळ्यात स्पष्ट दिसतं ते कार्बनच्या हिशेबात, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल ही कंपन्यांचं उत्सर्जन मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत; ती उत्सर्जन ‘स्कोप’ नावाच्या तीन गटांत विभागते. तिच्यानुसार कंपनीच्या ताब्यातल्या गाड्यांत जळणारं इंधन स्कोप 1 मध्ये धरलं जातं, त्या गाड्या चार्ज करायला कंपनीने विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये, आणि कर्मचाऱ्यांचं स्वतःच्या वाहनाने कामावर येणं-जाणं स्कोप 3 मध्ये. आता समजा कंपनीने गाड्या काढून घेतल्या आणि तीच माणसं स्वतःच्या जुन्या गाड्यांतून तेवढाच प्रवास करू लागली. स्कोप 1 चा आकडा झपाट्याने खाली येईल आणि फ्लीटचा अहवाल उजळून निघेल. धूर मात्र तेवढाच राहील, कदाचित वाढेलही. प्रवास मोजणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही. नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2024 पासून 100 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना कामानिमित्तच्या आणि घर ते काम अशा दोन्ही प्रवासांची माहिती सरकारला देणं बंधनकारक झालं, आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या खासगी गाड्याही येतात.

गोंधळ वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे फ्लीट मॅनेजरचं स्वतःचं कामही आतून बदललंय. इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि इंधन कार्डाच्या जागी घरच्या चार्जरच्या विजेची भरपाई आली. थंडीत गाडी किती किलोमीटर कमी धावेल, वापरलेल्या बॅटरीसकट तिला काय भाव येईल, हे अंदाज नव्याने बांधावे लागतात. टेलिमॅटिक्समुळे, म्हणजे गाडीची जागा आणि वापर दुरून नोंदवणाऱ्या यंत्रणेमुळे, जोरात दाबलेला ब्रेकही पडद्यावर दिसतो. पण गाडी कुठे होती हे कळलं की चालक कुठे होता हेही कळतं, आणि युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली ती वैयक्तिक माहिती ठरते. सुटीच्या दिवशीही ट्रॅकिंग चालू ठेवायचं का, हे आता त्याला ठरवावं लागतं. हे सगळं नवीन आहे, अवघड आहे, तरीही ते फ्लीटचंच काम आहे.

काही ठिकाणी तर मोबिलिटीचा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. अवजारांनी भरलेली दुरुस्तीची व्हॅन किंवा शीतगृहाचा ट्रक यांना रेल्वेचा पास हा पर्याय नसतो. तिथे कसलेला फ्लीट मॅनेजरच हवा, आणि त्याचा हुद्दा बदलण्याची गरज नाही.

जिथे हुद्दा बदललाय, तिथे अधिकार बदलले का ते बघा. रेल्वे तिकिटांचं बजेट प्रवास विभागाकडे, पार्किंग प्रशासनाकडे, भत्ते मनुष्यबळ विभागाकडे आणि नव्या मोबिलिटी मॅनेजरच्या हातात फक्त गाड्यांच्या किल्ल्या असतील, तर प्रवास कमी करण्याचं उद्दिष्ट त्याच्या वार्षिक मूल्यमापनात टाकणं हा सरळ अन्याय आहे. असा हुद्दा देऊ केला जात असेल, तर यांपैकी कोणती बजेटं आपल्याकडे येणार आणि ‘या कामाला गाडी नको’ असं सांगितल्यावर ते कोणावर बंधनकारक राहील, हे स्वीकारण्याआधीच लेखी घ्यावं.