जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षितता?

‘सगळ्या तपासण्या करून टाका, नुकसान काहीच नाही’ हा संदेश काळजीपोटीच पुढे पाठवला जातो. पण तो खरा नाही.

रिपोर्टमधली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा ९५ टक्के निरोगी लोक त्यात बसतील अशी आखतात. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. परस्परसंबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी ‘बिघडलेली’ येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के! कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा विसावा घात काढा, ०.३६ येईल, तो १ मधून वजा करा. मग त्या ‘बिघडलेल्या’ रिपोर्टचा छडा लावायला सीटी स्कॅनचे किरण, बायोप्सीतला (तपासणीसाठी शरीरातला तुकडा काढतानाचा) रक्तस्राव.

रुग्ण खटला भरेल या धास्तीने डॉक्टरांनी लिहिलेल्या तपासणीलाही हेच गणित लागू. लक्षणं असतील तर तपासणी टाळू नकाच; फक्त विचारा, ‘या रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहेत का?’