मिकोयान, अनास्तास इवानोविच
(२५ नोव्हेंबर १८९५ – २१ ऑक्टोबर १९७८). सोव्हिएट कम्युनिस्ट पक्षाचा ज्येष्ठ नेता. लेनिनच्या हयातीत तो मध्यवर्ती समितीत आला आणि ब्रेझनेव्ह सत्तेवर आल्यावर निवृत्त झाला. उमेदवार सदस्यत्व धरून १९२६ ते १९६६ अशी चाळीस वर्षे तो पक्षाच्या सर्वोच्च मंडळात होता. ‘इलिचपासून इलिचपर्यंत, ना झटका ना लकवा’ ही रशियनमध्ये यमक साधणारी टिंगल त्याच्यावरचीच. इलिच हे दोघांचेही पितृनाम: पहिला इलिच लेनिन, दुसरा ब्रेझनेव्ह.

जन्म आर्मेनियातील सानाहिन गावी, सुताराच्या घरी. धाकटा भाऊ आर्त्योम विमानरचनाकार झाला. नाशिकजवळ ओझरला बांधल्या गेलेल्या ‘मिग’ विमानांच्या नावातला ‘मि’ तो हाच. अनास्तास तिफ्लिसच्या आर्मेनियन पाठशाळेत शिकला आणि १९१५ मध्ये बोल्शेविक झाला. १९१८ मध्ये बाकूतून निसटलेले बोल्शेविक क्रास्नोव्होद्स्क बंदरात पकडले गेले आणि त्यांतल्या सव्वीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ही नावे प्रामुख्याने एका कैद्याकडे सापडलेल्या, बाकूच्या तुरुंगातील शिधावाटपाच्या यादीवरून उचलली होती. मिकोयान त्या तुरुंगात नव्हता, म्हणून यादीत नव्हता, म्हणून वाचला.

पुढे साऱ्या देशाचा शिधा त्याच्याच हाती आला. व्यापार आणि मग अन्नउद्योग ही खाती त्याने सांभाळली. १९३६ मध्ये अमेरिकेचा दौरा करून त्याने आइस्क्रीम व डबाबंद अन्नाचे कारखाने पाहिले आणि ते तंत्र मायदेशी आणले. कारखान्यात थापलेल्या स्वस्त कटलेटला लोक ‘मिकोयान कटलेट’ म्हणू लागले. तत्त्वचर्चेपेक्षा पुरवठ्याचे काम बरे, हे त्याने लवकर ओळखलेले दिसते. गहू आणि मासळी यांवरून पाखंडी ठरणे जरा अवघड.

पण नुसत्या कामसूपणावर कोणी टिकत नव्हते. १९३७ मध्ये आर्मेनियातील पक्षाच्या ‘शुद्धीकरणा’साठी त्यालाच पाठवण्यात आले. ५ मार्च १९४० रोजी मंजूर झालेल्या, गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या टिपणात २५,७०० पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्याचा प्रस्ताव होता. त्याच्या पहिल्या पानावर, टंकलिखित मजकुरावरूनच, चार सह्या तिरप्या ओढलेल्या आहेत: स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोटोव्ह, मिकोयान. एवढे करूनही घर सुरक्षित नव्हते. एक मुलगा १९४२ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून कामी आला. पुढच्याच वर्षी आणखी दोघे, अजून शाळकरी असताना, अटकेत गेले. बाप मंत्रिपदावर कायम. १९५२ मध्ये स्टालिनने मोलोटोव्हसह त्याच्यावर उघड तोफ डागली. मार्च १९५३ मध्ये स्टालिनच वारला.

१९५६ च्या पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात पक्षप्रमुख ख्रुश्चॉव्हच्या गाजलेल्या स्टालिनविरोधी भाषणाआधीच मिकोयानने व्यासपीठावरून स्टालिनकाळावर टीका केली. त्याच वर्षी हंगेरीतील उठाव मोडण्यासाठी तेथे दुसऱ्यांदा सैन्य घुसवण्याला त्याने विरोध केला, निर्णय विरुद्ध गेला, तरी पद सोडले नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये क्यूबातील सोव्हिएट क्षेपणास्त्रे काढून घेण्यावरून संतापलेल्या कॅस्ट्रोची समजूत घालायला तो हवानात होता. तेथेच पत्नी अश्खेनच्या मृत्यूची बातमी आली. अंत्यविधीसाठी सोबतचा मुलगा सेर्गो परतला. मिकोयान वाटाघाटींसाठी मागे राहिला.

जुलै १९६४ मध्ये तो नामधारी राष्ट्रप्रमुख झाला. ऑक्टोबरात ख्रुश्चॉव्हला हटवले तेव्हा त्याने थोडीफार बाजू घेऊन पाहिली, एवढेच. डिसेंबर १९६५ मध्ये त्याला सन्मानाने पदमुक्त करण्यात आले. मृत्यू मॉस्को येथे. दफन क्रेमलिनच्या भिंतीशी नव्हे, नोवोदेविची दफनभूमीत.